माकार, वर ये

लग्न होऊन या गावात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मार खाता खाता वाचले. झालं काय, सकाळी पाण्याला गेले. पोहरा जड होता आणि नवरा कुंपणापाशी नुसता उभा होता. म्हणून मी आपली साधी हाक मारली, "माकार, जरा हात लाव रे!" त्याबरोबर विहिरीवरच्या चारही बायांच्या बादल्या खाली आपटल्या. एकीने मला खांद्याला धरून मागे ओढलं, दुसरीने छातीवर क्रूस काढला. आणि मोत्र्याकाकू, म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं तोंड, माझ्यावर तुटून पडली.

"कुठल्या रानातून आणलं गं हिला? विहिरीवर उभी राहून त्याला हाक मारतेस? तो वर आला म्हणजे?"

"वर कुठून येतो? तो काय तिथे कुंपणापाशी उभा आहे," मी म्हटलं.

"तो नव्हे गं, बये. दुसरा."

मी उबोर्त नदीच्या पलीकडची. आमच्या गावात तीन-तीन माकार होते, त्यातला एक दारू पिऊन बेडकांशी भांडायचा. मला काय ठाऊक की नदी ओलांडली की हे नाव तोंडातसुद्धा घ्यायचं नसतं! या गावात माकार एकच, आणि तो विहिरीत. तो कोण, कधी बुडाला, कुणाचा मुलगा, हे कुणालाच माहीत नाही. पाऊस फारच ताणला की गावातल्या विधवा काळे रुमाल बांधून विहिरीवर जमतात. आत खसखस टाकतात, काठ्यांनी पाणी ढवळतात आणि पोटचं पोर गेल्यासारखा टाहो फोडतात, "माकार, बाळा, पाण्यातून वर ये, या पवित्र मातीवर अश्रू सांड!" माकार काही वर येत नाही. त्याचे अश्रू येतात, आणि तोच पाऊस. पुरुषांनी त्या वेळी विहिरीकडे फिरकायचं नाही. आणि जिवंत पोराला ते नाव ठेवायचं नाही, कारण त्या नावावर हक्क विहिरीचा.

मग माझ्या नवऱ्याला ते कसं चिकटलं? मूर्खपणाने, दुसरं काय.

तो जन्मला ऐन हिवाळ्यात. बाळंतिणीने चाळीस दिवस देवळात पाऊल टाकायचं नाही, त्यामुळे बाप्तिस्म्याला धर्मबाप आणि धर्मआई पोराला घेऊन गेले, गोठलेल्या दलदलीवरून दोन कोसांवरच्या देवळात. लेव्को नाव ठेवायचं घरात ठरलेलं होतं. पण धर्मबापाने थंडी घालवायला वाटेत एक पेला घेतला, मग थंडी गेली का ते पाहायला दुसरा घेतला. पाद्री नवा, परगावचा. त्याने नाव विचारलं तेव्हा हा महापुरुष भिंतीला टेकून डोलत होता, आणि धर्मआई बिचारी सोळा वर्षांची, पाद्र्यासमोर तिची वाचाच बसली. पाद्र्याने पंचांग उघडलं, त्या दिवशी कुठल्या संताचा सण ते पाहिलं आणि पोराच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. झालं. संताचं नाव माकार.

पोराला घरी आणलं आणि नाव सांगितलं, तेव्हा सुईण उंबऱ्यातच मटकन खाली बसली. एकदा पडलेलं नाव धुऊन काढता येत नाही. सासरे धर्मबापाला मारायला कुऱ्हाड शोधत फिरले. माझी सासू ख्वेदोरा, तेव्हा एकवीस वर्षांची, ती मात्र आरडली नाही, ओरडली नाही. तिने पोराला छातीशी घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "हे शेवटचं."

हे शेवटचं म्हणजे काय, ते लोकांना पुढे कळलं. विहिरीला माकारसाठी ढाळलेले अश्रू हवे असतात, आणि आईचे मिळाले तर तिला आणखी काय पाहिजे, ती पोरालाच आत ओढणार! ख्वेदोराने ठरवलं, रडायचंच नाही. कशासाठीच नाही. "डोळ्यांतून एकदा पाणी सुटलं," ती मला एकदा म्हणाली, "की ते कुणासाठी, हे विहीर विचारत बसत नाही." रानात झाड अंगावर पडून सासरे गेले. सगळा गाव रडला, ही कोरडी. काळा रुमालसुद्धा बांधला नाही, कारण तो बांधला की विहिरीवरच्या बायकांत गणना होणार. लढाईला माणसं निघाली तेव्हा रस्त्यावर नुसता कल्लोळ होता, बायका गाडीमागे धावत होत्या. हिने मुलाला काय सांगावं? "सदऱ्याचं वरचं बटण लाव." गाव तिला दगड म्हणायचा. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू? माझं पहिलं मूल गेलं तेव्हा तिने माझ्या हातात सूप दिलं आणि म्हणाली, "वाटाणे निवड." एवढं बोलून ती परसात निघून गेली. वर्षभर मी तिच्याशी धड बोलले नव्हते.

नवऱ्याला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. तो "ख्वेदोराचा". मीही तेच म्हणायचे. आईने त्याला बारा वर्षांचा होईपर्यंत पाण्याच्या वाऱ्याला उभं केलं नाही. दलदलीच्या गावात पोहता न येणारा, मासा धरता न येणारा असा हा एकटाच. पाऊस मागायचा दिवस ठरला की ती त्याला पहाटेच हाताला धरून रानात न्यायची, आपल्या नावाचा आक्रोश त्याच्या कानावर पडू नये म्हणून. लग्नानंतरही ही पद्धत मोडली नाही. बायका विहिरीवर जमल्या की माझा दाढीमिशांचा नवरा टोपलीत पाव घेऊन मुकाट्याने रानात चालता व्हायचा.

आणि अशा माणसाने धंदा कोणता निवडावा? विहिरी साफ करण्याचा! आसपासच्या सात गावांत त्याच्यासारखा विहीरवाला नव्हता. आमच्या विहिरी ओंडक्यांच्या असतात, चौकोनी, एकावर एक ओंडके रचलेल्या. तो कोपऱ्यांच्या खाचांत पाय रोवत उतरायचा, तळाचा गाळ उपसायचा, कुजलेला ओंडका बदलायचा आणि झरा मोकळा करून वर यायचा. आईने त्याच्याशी सहा महिने अबोला धरला होता. मी विचारलं, "का रे बाबा, जगात दुसरं काम नाही?"

"मला बघायचं होतं तो कोण आहे ते," तो म्हणाला. अठराव्या वर्षी भर दुपारी, गाव गवत कापायला गेलेलं असताना, तो आमच्या गावच्या विहिरीत पहिल्यांदा उतरला होता.

"मग? काय दिसलं?"

"खाली कुणी नाही, उलिता. गार पाणी आहे. वर पाहिलं तर रुमालाएवढं आभाळ. मी तिथे उभा राहिलो आणि वाटलं, इतकी वर्षं या रिकाम्या जागेसाठी बायका रडतायत, आणि तरी पाऊस येतो." हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता.

लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हाचा तो उन्हाळा. ईस्टरनंतर थेंब पडला नाही. बटाट्याची पानं हातात घेतली की चुरा व्हायची. दलदल आटली, आणि जी काळी माती आम्ही वाळवून चुलीत जाळतो, ती जमिनीखाली आपोआप पेटली. ज्वाळा नाही, काही नाही. नुसता धूर, दिवसरात्र. आमच्या शेजाऱ्यांची गाय कुरणात चरता चरता पोटापर्यंत खाली गेली. खाली निखारे होते. सामूहिक शेताच्या अध्यक्षाने पुरुषांना खंदक खणायला लावलं, पण आग खंदकाच्याही खालून सरकत होती. रोज पाच-दहा पावलं, गावाच्या दिशेने. तिला पावसाशिवाय कुणी विझवू शकणार नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

विधवांनी माकारला तीनदा बोलावलं. काही नाही. उलट विहिरीचं पाणी आणखी खाली गेलं, पोहऱ्यात चिखल यायला लागला. मग मोत्र्याकाकू आमच्या दारात आली. तेव्हा तीही विधवा झालेली होती.

"ख्वेदोरा, तू हाक मार."

सासू कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. "कुणाला?"

"वेड पांघरू नकोस. आम्ही ज्याच्या नावाने छाती बडवतोय तो टोपी घालून रस्त्यावरून फिरतोय. आभाळ काय आंधळं आहे? त्याची आई रडेल तेच रडणं खरं. विधवा आहेस, आई आहेस. एकदा, एकदाच हाक मार."

"मी बोलावलं की तो जाईल."

"नाही बोलावलंस तर आम्ही सगळे जाऊ."

"चालती हो," सासू म्हणाली आणि पिठाच्या हाताने दार दाखवलं. मोत्र्याकाकू गेली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी आणखी चौघींना घेऊन आली. रस्त्यात लोक आमच्या पोरांकडे असं बघायला लागले की मी त्यांना अंगणाबाहेर सोडेनाशी झाले.

चौथ्या दिवशी धूर घरात शिरला. धाकटीला खोकल्याची अशी उबळ आली की ती निळी पडली. मी तिला पाठीवर थोपटत होते आणि सासू शांतपणे पाव कापत होती. ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आई, तुमचा एक आहे, माझी तीन आहेत!" मी ओरडले. "तुमच्या एकाला जपता जपता माझी तिन्ही गुदमरून मरू द्यायची का?"

जीभ झडायला हवी होती माझी. पण बोलून गेले. सासूने सुरी खाली ठेवली. धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मोत्र्याला सांग, उद्या दुपारी येते. पण त्याला पहाटेच रानात पाठव. त्याच्या कानावर पडता कामा नये."

हे सगळं त्याच्या कानावर पडलेलंच होतं. तो पडवीत फावड्याला दांडा बसवत होता. संध्याकाळी गोठ्यात मी गाईशी झटत होते. दूध कसलं, नुसती धार लागते का ते पाहायचं. तिथे तो आला.

"मी रानात जात नाही," तो म्हणाला. "विहिरीत उतरतो."

माझ्या हातून भांडं पडलं.

"ऐक तर. झरा गाळाने बुजलाय, तो कुणीतरी मोकळा करायलाच हवा. आणि दुसरं असं, की या बायका पिढ्यान्पिढ्या म्हणतात, माकार, वर ये. तो येत नाही. कसा येणार? खाली कुणी नाहीच. उद्या असेल."

"आणि खालचे ओंडके? तूच म्हणालास ना, सुकून सैल झालेत, हात लावला तर मागची माती कोसळेल?"

"झालेत सैल."

"मग नाही जायचं. मी नाही जाऊ देणार."

तो माझ्याकडे पाहून हसला. खिजवायला नाही, साधंच. "तुझी तीन आहेत ना?" म्हणाला. त्याने पुढे एवढंच सांगितलं, "आई मला मेला म्हणून रडणार. तिला जिवंत माणसासाठी रडू दे. चाळीस वर्षं साठवलंय तिने."

पहाटे तो उतरला. मी लहान फावडं दोरीने खाली सोडलं आणि विहिरीपाशी ठाण मांडून बसले. कुणी पाण्याला आलं की सांगायचे, "पोहरा अडकलाय, नंतर या." खालून फावड्याचा आवाज येत राहिला, खरप, खरप. तो आवाज थांबला की मी काठावरून आत वाकायचे.

दुपारी बायका आल्या. नऊ काळे रुमाल. मोत्र्याकाकूने मूठभर खसखस आत टाकली. ती कुणाच्या डोक्यावर पडतेय हे मला एकटीला माहीत होतं. ढवळायला पाणीच नव्हतं, म्हणून त्यांनी काठ्या नुसत्या ओंडक्यांवर आपटल्या. मग सगळ्या बाजूला झाल्या. सासू आली.

तिने काळा रुमाल बांधला होता. सासऱ्यांसाठी न बांधलेला. घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. दोन्ही हातांनी काठाचा ओंडका धरला, आत वाकली. ओठ हलत होते. डोळे कोरडे ठक्क. अख्खं गाव कुंपणांमागे उभं होतं, पुरुषसुद्धा, आणि कुणी खोकत नव्हतं.

"माकार," ती म्हणाली. बेचाळीस वर्षांत त्या विहिरीवर तिने ते नाव पहिल्यांदा घेतलं. "बाळा, पाण्यातून वर ये."

त्याच क्षणी खालून धप्प आवाज आला. माती ढासळल्याचा. बायका मागे सरल्या. त्यांना काय वाटलं देव जाणे, मला मात्र कळलं होतं. मी उठले आणि काठाशी कान दिला. फावड्याची खरप ऐकू येत नव्हती.

"माकार, बाळा, वर ये. पवित्र मातीवर अश्रू सांड."

काही नाही. माझ्या मनात एकच आलं, मी त्याला पाठवलं. माझ्या जिभेने पाठवलं.

तिसऱ्यांदा सासूने रीतीचे शब्द सोडून दिले. ती आणखी वाकली, जवळजवळ अर्धी आत, आणि रोज दारातून त्याला जेवायला बोलवायची तशी रागावून ओरडली, "माकार! किती वेळ झाला! वर ये बघू आता, सार गार होतंय!"

आणि विहिरीतून आवाज आला, "आलो, आई."

खोटं सांगत नाही. नऊच्या नऊ बायका भुईवर पडल्या. मोत्र्याकाकू तर खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या पाल्यात बसली आणि तिला ते संध्याकाळपर्यंत कळलंही नाही. खाली पाण्याचा खळखळाट व्हायला लागला होता. मग ओंडक्यांच्या खाचेत चिखलाने माखलेला एक हात दिसला, मग दुसरा, मग डोकं, केसांत खसखस. मी ओळखत होते, रोज ज्याच्या शेजारी झोपते तो हा माणूस, तरी मला वाटलं की जो इतकी वर्षं खाली होता तोच वर येतोय. आजही वाटतं. मी गुडघे टेकले.

सासू त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानातली माती बोटाने काढली.

"टोपी कुठाय तुझी?"

"खाली राहिली, आई. माती पडली ना, तिच्यात गेली."

"नवी होती," ती म्हणाली, आणि फुटली. असं रडणं मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. सासऱ्यांचं, लढाईचं, माझ्या पहिल्या बाळाचंसुद्धा. हो, त्याचं नाव घेऊन रडली ती. तेव्हा मला कळलं की मला वाटाणे निवडायला लावून ती स्वतः परसात गेली होती ती रडू गिळायला. मी तिला मिठी मारली. ती हुंदके देतच गावाकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "सगळ्यांनी ऐका. माकार वर आला. आता ते नाव विहिरीचं नाही, माझ्या मुलाचं आहे. खालची जागा रिकामी ठेवायची नाही. ती माझी. मी गेले की यापुढे मला हाक मारा."

पुरुषांनी टोप्या काढल्या.

गाईची धार काढायच्या वेळी पाऊस आला. तीन दिवस लागून राहिला. कुरणातून वाफ निघत होती, आणि आमच्या कुंपणापासून चाळीस पावलांवर आग मेली. तिसऱ्या दिवशी मोत्र्याकाकूच्या पोहऱ्यात टोपी आली. तिने ती स्वतः धुऊन, वाळवून आणून दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारली. त्या वर्षी गावात दोन पोरांची नावं माकार ठेवली.

सासू पुढे सहा वर्षं जगली. कान गेले, पण डोळे मोकळे झाले म्हणायचे. कांदा कापताना रडायची, लग्नात रडायची, वासरू झालं तरी रडायची. आम्ही तिची थट्टा करायचो, ती डोळे पुसत हसायची. हिवाळ्यात गेली, माझ्या हातावर.

तिच्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा पाऊस ताणला. विधवा विहिरीवर जमल्या, खसखस टाकली, आणि थांबल्या. नाव घ्यायला कुणाची जीभ रेटेना. तेवढ्यात माकार आला. पुरुषाने तिथे यायचं नसतं, पण मोत्र्याकाकूने त्याला जागा करून दिली. त्याने ती टोपी काढली. काठाचा ओंडका आईने धरला होता तिथेच धरला, आत वाकला, आणि पुटपुटल्यासारखं म्हणाला, "आई, वर ये."

मी त्याच्या मागेच उभी होते. डोळ्यांना रुमालाचं टोक लावत मी म्हटलं, "माकार, मोठ्याने हाक मार रे. तिला कमी ऐकू येतं."